पाय परत आणले

माझी धाकटी जाऊ माझ्याशी गोड बोलायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की आता आपलं काही खरं नाही.

चाळीसेक वर्षं आम्ही दोघी एका घरात दोन चुली मांडून राहिलो आहोत. दार एक, अंगण एक, गोठा एक आणि भांडण रोजचं ताजं. शिळ्या भांडणाला आमच्यात चव नसते. दोघींचेही मालक आता नाहीत. तिचा मुलगा गोव्यात कामाला, माझा बेळगावात. तेव्हा जोयडा तालुक्यातल्या आमच्या गुंद गावाच्या वरच्या अंगाला, जंगलाला पाठ लावून उभ्या असलेल्या त्या घरात उरलो आम्ही दोघीच. मी नसले तर तिनं भांडायचं कुणाशी? आणि अशी ही बाई, मी दवाखाना आणि मुलाचं घर करून परत आल्यावर माझ्या उशाशी बसून म्हणाली, “अक्का, तुला काय खावंसं वाटतंय ते सांग. मी करून घालते.”

मी मनात म्हटलं, संपलं. ही बाई आता माझ्या तेराव्याची माणसं मोजायला लागली.

पण दवाखान्यात मी गेले कशी, ते आधी सांगायला हवं. त्यात माझ्याइतकी शहाणी बाई तालुक्यात दुसरी नव्हती, हे तुमच्या लक्षात येईल.

माझी मूत्रपिंडं दमली आहेत, हे मला काही वर्षांपूर्वी कळलं. पायावर सूज यायची. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरायला वेळ घ्यायचा. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, “अज्जी, किडनी हळूहळू दमत चाललीय. ती परत तरुण होत नाही. आहे तेवढी जपायची.” मीठ कमी, लोणचं बंद, सुकी मासळी बंद, दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी तर अजिबात तोंडात टाकायची नाही. हे सगळं मी शहाण्या पोरीसारखं ऐकून घेतलं. कंदांचं आलं तेव्हा मात्र माझं तोंड उतरलं असणार.

जोयड्याच्या माणसाला कंद खाऊ नको म्हणणं म्हणजे गव्याला गवत सोड म्हणण्यासारखं आहे. थंडीत परसात खणलं की हातभर लांबीचा कोन नावाचा कंद निघतो. उकडून मिरचीच्या चटणीबरोबर खाल्ला की जेवण झालं. आमच्या पिढ्या त्यावर वाढल्या. डॉक्टरीणबाईंना माझी दया आली. म्हणाल्या, “खायचाच असेल तर अगदी थोडा. साल काढायची, बारीक चिरायचा, भरपूर पाण्यात उकडायचा आणि पाणी टाकून द्यायचं. त्रास देणारं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं.”

“व्हय,” मी म्हटलं. आणि मी तसंच केलं.

आता आमच्या घरची रीत ऐका. भाताचं पाणी म्हणजे पेज. डाळीचं पाणी म्हणजे कट. कंद उकडलेलं पाणी म्हणजे आमसूल, मिरची आणि लसूण घालून सार. अन्न शिजलेलं पाणी उंबऱ्याबाहेर जायचं नाही, हे मी सासूबाईंच्या हाताखाली शिकले होते. नवी नवरी असताना एकदा मी ते मोरीत ओतायला निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं होतं. “मोरीला पाजतीस व्हय गं? मोरी काय तुझी लेक हाय?” ते मनगट मी जन्मभर विसरले नाही.

तर मी पाणी टाकत होते. सारात टाकत होते.

कोनाच्या त्या चार फोडी धुतलेल्या फडक्यासारख्या लागायच्या. मी त्या औषध म्हणून गिळायची आणि मग तोंडाची चव जावी म्हणून दोन वाट्या गरम सार प्यायची. वर शेजारपाजारच्या बायकांना पथ्य शिकवायची. “डॉक्टरीणबाई म्हणतील तसं वागावं गं. मी बघा, एक शब्द मोडत न्हाई.” त्या वेळची मी आज कुठं भेटले, तर तिच्या पाठीत एक धपाटा घालून तिला तिचंच सार प्यायला लावीन. म्हणजे धपाटाच जास्त घालीन, सार नको.

संक्रांत होऊन गेली होती. गोठ्यात शेण काढायला वाकले आणि पाय उचलेचनात. दुखत नव्हते, मुंग्या नव्हत्या. नुसते माझे राहिले नव्हते. मी शेणात बसले ती बसलेच. धाकटीनं आधी मला शिव्या दिल्या, “काम चुकवायला बरी जागा शोधलीस!” मग माझं तोंड बघितलं आणि बोंब ठोकली. कुणाचीतरी जीप मिळाली. रामनगर, खानापूर करत बेळगावला पोचेपर्यंत मी जिवंत होते की नाही, हे धाकटीला दर वळणावर माझ्या नाकापुढं हात धरून बघावं लागत होतं.

दवाखान्यात त्यांनी मला मशीनला लावून रक्त धुतलं. शुद्ध नीट आल्यावर डॉक्टरीणबाई खाटेपाशी येऊन बसल्या.

“अज्जी, पोटॅशियम एवढं वाढलं कसं? कंदाचं पाणी टाकून देत होता ना?”

“देत हुते की.”

“कुठं?”

“सारात.”

त्यांनी चष्मा काढला. “आणि ते सार कोण पीत होतं?”

“मीच. धाकटीला आंबट सोसत न्हाई.”

बाई हसल्या नाहीत. चष्मा पदरानं पुसला. मग म्हणाल्या, “चूक माझीच. पाणी टाका म्हणजे कुठं टाका, हे मी सांगायला हवं होतं.” एवढ्या शिकलेल्या बाईनं असं म्हटलं, तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली. तोवर नुसती भूक वाटत होती.

रक्त सुधारलं. पाय सुधारले नाहीत. पडून पडून मांड्यांचं कातडं लोंबायला लागलं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, “हात छातीवर बांधा, अज्जी. आता कशालाही न धरता उठा.” मी मनात हसले. हे काय, उठायचं ते काय? डोक्यावर भाताची पेंढी घेऊन बांध चढलेली बाई मी. जोर केला. खुर्ची करकरली. मी जागची हलले नाही. पुन्हा जोर केला. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला.

“बघा,” बाई म्हणाल्या, “किडनी गेली तेवढी परत येत नाही. पण पाय परत येतात. आणायला तुम्हाला जावं लागेल. खुर्चीवरून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. दम लागला की थांबायचं. छातीत दुखलं, चक्कर आली तर बंद. रोज थोडं थोडं. नुसतं बसून राहिलात, तर पुढच्या आजारात हेच पाय तुम्हाला खाली ओढतील.”

मुलाचं घर बेळगावात तिसऱ्या मजल्यावर आहे. सून चांगली, तिच्या हाताला चव आहे, नातवंडं जीव लावतात. मला तिथं काही कमी नव्हतं. पाय खाली घ्यायचं कारणही नव्हतं. पाणी हातात, ताट हातात, टीव्हीची कळ हातात. मी सोफ्यावर रुतून बसले होते, आणि मुलानं एक दिवस जेवताना सांगितलं, “आई, आता तिकडं जायचं न्हाई. तुझं सामान मी घिऊन येतो. इथं दवाखाना जवळ हाय.”

त्याचं चूक नव्हतं. गुंदहून रात्रीबेरात्री जीप मिळत नाही, फोन लागत नाही, मध्ये जंगल आहे. पण मला माहीत होतं, त्या सोफ्यावरून मी परत उठणार नाही. पुन्हा शेतात पाय टाकणार नाही, गोठ्यात जाणार नाही, आणि एक दिवस माझं सामान आणायला जो टेम्पो गुंदला जाईल, त्याबरोबर माझं घरही गेलं. मी म्हटलं, “भाताची रोपलागण होऊ दे. तोवर मला जाऊ दे.”

“आणि मग?”

“मग तू ये. माझी मी जमिनीवरनं उठत नसेन, तर सामान काय, मलाबी बांधून ने.”

त्यानं विचार केला. वकिलासारखा चेहरा करतो तो अशा वेळी, खरा आहे गॅरेजमध्ये. “काकी सांगेल ते मी मानणार. तुझं न्हाई. तू उभ्या उभ्या खोटं बोलशील.”

आपल्या पोटचं पोर आपल्याला किती ओळखतं! तर असा करार झाला, आणि शिमग्याच्या आधी मी गुंदला आले.

पहिल्याच संध्याकाळी सवयीनं चुलीपुढं जमिनीवर बसले. जाळ घातला, चहा केला, प्याला रिकामा झाला. उठायला गेले, ते उठता येईना. गुडघ्यावर हात टेकले, भिंतीला धरलं, कुशीवर वळले, रांगले. शेवटी धाकटीनं मागून काखेत हात घालून मला पोत्यासारखं उभं केलं. आणि एक अक्षर वाकडं बोलली नाही! बाहेर ओसरीच्या सोप्यावर निळी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली, त्यावर चादर घातली आणि म्हणाली, “अक्का, तू सुम्मने बस हितं. मी हाय.” सुम्मने बस म्हणजे गप बसून राहा. आमच्यात हे लहान पोराला सांगतात, नाहीतर मरणाऱ्या माणसाला.

त्या खुर्चीशी माझं वैर झालं. मग मी तिच्यावरच कामाला लागले.

सकाळी चहा झाला की हात छातीवर बांधायचे आणि उठायला बघायचं. सुरुवातीला ढुंगण जेमतेम सुटायचं आणि धपकन खाली. खुर्चीचे पाय फाकायचे. धाकटी अंगण झाडता झाडता बघायची.

“काय करतीस अक्का? पाव्हणं आल्यात काय, सारखी उठतीस ती?”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.”

“डॉक्टरीणबाई शिकलेल्या. त्यास्नी काय म्हाईत म्हातारपण?”

एका सकाळी मी उठले. कशाला धरलं नाही, कुणी हात दिला नाही. उभी राहिले आणि खांबाकडं न बघता उभीच राहिले. कौलं होती तिथंच होती, पण मला वाटलं जरा खाली आली. मी धाकटीला हाक मारली. ती पळत आली, तिला वाटलं पडले. मी उभी असलेली बघून म्हणाली, “मग? चहा पायजे?” हे एवढं मोठं काम करून मी काय मिळवलं, तर चहाचा आग्रह. आणि मला तर पाण्यासारखा चहाही मोजून!

खुर्ची जमल्यावर मी जळणाचा जाडा ओंडका उभा करून त्यावर बसायला लागले. खुर्चीपेक्षा तो बुटका. तो जमल्यावर दुसरा, त्याहून बुटका. मग पालथं घातलेलं घमेलं. मग पाट. माणसं आयुष्यात वर चढतात म्हणे. माझी सगळी प्रगती खालच्या दिशेनं झाली. पाटावरून हात न टेकता उठले, तेव्हा काजू संपून गेले होते आणि फणस पिकायला लागले होते.

गुडघे ठणकायचे. मधे, ओंडक्यावर होते तेव्हा, एकदा इतके ठणकले की मी अंथरुणात तोंड दाबून रडले. धाकटीनं पदराच्या गाठीतून गोळी काढली. “घे गं. रामनगरच्या दुकानातली हाय. मला अर्ध्या तासात उतार पडतो.” गोळी पांढरी, लहान, तिच्या तळहातावर अगदी निरागस बसली होती. एक गोळी खाऊन सकाळी ओंडक्यावरून सहज उठले असते. मी ती बघत राहिले.

“किडनीला चालत न्हाई.”

“किडनीला कोण सांगायला जातंय?”

मला हसू आलं आणि हसताना गुडघे आणखी दुखले. मी गोळी तिच्या हातावर परत ठेवली. तिनं उठून पाणी तापवलं, फडकं पिळलं आणि माझे गुडघे शेकत बसली. दुसऱ्या दिवशी मी ओंडका सोडून पुन्हा खुर्चीवर आले. एक पायरी मागं यायला मला लाज वाटली नाही. तरुणपणी वाटली असती.

मृगाचे दिवस सरले आणि मी तापानं पडले. कसला ताप, पडशाचा. चार दिवस अंथरुणात होते. चार दिवसांत काय जातं, असं तुम्हाला वाटेल. माझं सगळं गेलं. पावलं सुजली, भूक गेली, आणि ताप उतरल्यावर खुर्चीतून उठायला गेले तर मी होते तिथंच बसून. ओंडका, घमेलं, पाट, सगळं पुसून टाकल्यासारखं. जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आलो, त्यांनी रक्त बेळगावला पाठवलं, बाईंनी औषध बदलून दिलं, म्हणाल्या घाबरण्यासारखं नाही. पण रोपलागण तोंडावर आली होती, आणि मी खुर्चीत.

त्या दिवशी धाकटीनं छत्री घेतली. आमच्याकडं फोन लागतो तो वरच्या वळणावर, देवचाफ्याच्या बुंध्याशी. ती तिकडंच निघाली होती. मी सोप्यावरून बघत राहिले. काकी सांगेल ते मुलगा मानणार होता. तिनं सांगितलं असतं, पुन्हा पडली, तर तो त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आला असता. मी तिला हाक मारली नाही. मारून काय म्हणणार होते?

ती परत आली तेव्हा पोटऱ्यांना जळवा लागल्या होत्या. पायरीवर बसून मीठ लावून एकेक सोडवायला लागली.

“लागला फोन?”

“लागला.”

“काय सांगितलंस?”

“तांबडी गाय व्याली म्हणून सांगितलं.”

“आपली तांबडी कवा व्याली?”

“व्यायल की कवातरी.” जळू पायरीवर टाकत तिनं माझ्याकडं बघितलं. “आणि काय सांगू? तू गेलीस तर ह्या घरात मी एकटी भिंतीशी बोलू? चल, ऊठ. नुसती बसून ऱ्हायलीस! ऊठ म्हणते ना!”

तिचं हे ओरडणं मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. मी जोर केला. उठले नाही. तिनं दात खाऊन पुन्हा हुकूम सोडला. त्या दिवसापासून ती माझी मास्तरीण झाली. माझं बसणं तिला खपेना. खुर्चीवरची चादर तिनं काढून टाकली. आणि या वेळी पाय लवकर आले. शरीराला वाट माहीत झाली होती बहुतेक. तापानं तण माजवलं होतं, पण वाट मोडली नव्हती.

रोपलागणीला आमच्याकडं पैरा असतो. आज माझ्या शेतात सगळ्या बायका, उद्या तिच्या, परवा पलीकडच्या. त्यात दोन कामं. जवान बायका चिखलात ओळीनं वाकून रोपं लावत मागं मागं सरकतात. म्हाताऱ्या तरव्यात बसतात. तरवा म्हणजे दाट पेरलेल्या रोपांचा वाफा. तिथं पाण्यात लहान पाट टाकून बसायचं, रोपं मुठीनं उपटायची, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा, पेंडी बांधायची, आणि वाफा संपला की पाट उचलून पुढं सरकायचं.

खानापूरकडनं लग्न होऊन आले तेव्हा मी अंगानं काटक आणि तोंडानं त्याहून काटक होते. लावणाऱ्या बायकांत माझी ओळ सगळ्यांत आधी संपायची. वाकडी असायची, हे कुणी सांगितलं तर मी ऐकायची नाही. तरव्यातल्या म्हाताऱ्यांना मी नाव ठेवलं होतं, ‘बसकी फौज’. सासूबाई त्या फौजेच्या सुभेदार. मी बांधावरून ओरडायची, “फौज हलली का जागची?” एकदा सासूबाईंनी मला शांतपणे शेजारी बसवून घेतलं. म्हणाल्या, “हल आता.” भाकरीच्या वेळेपर्यंत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. बसायचं, खेचायचं, आपटायचं, उठायचं, पाट सरकवायचा, पुन्हा बसायचं. लावणारी बाई निदान उभी तरी असते! पण कबूल करीन तर मी कसली? “मला कंटाळा आला,” म्हणाले आणि ओळीत पळून गेले. त्या काटक पोरीला मूठभर रोपांनी पळवलं होतं, आणि वर्षानुवर्षं तिला वाटत होतं, की म्हाताऱ्या तिथं आराम करायला बसतात.

आमच्या शेताची पाळी आली त्या सकाळी मी पाट घेऊन तरव्यात उतरले. पाणी गार होतं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एक जण म्हणाली, “अव्वा, तुमी बांधावर बसा की. हाकारा घाला नुसता.” मी उत्तर द्यायच्या आधी धाकटी लांबून ओरडली, “बसू दे तिला! फुकट जेवण घालायला मी काय तिची सून हाय?”

मी बसले. पहिल्या मुठीला हात घातला. रोपं सुटताना जो आवाज येतो, चिखल सोडतानाचा, तो ऐकून हातांना आपोआप सगळं आठवलं. दमले की थांबत होते. बाईंनी ठरवून दिलेलं पाणी बाटलीत भरून बांधावर ठेवलं होतं, ते घोटघोट पीत होते. वाफा संपला की उठत होते. हात गुडघ्यावर नाही, चिखलात नाही, शेजारणीच्या खांद्यावर नाही. पाट उचलायचा, पुढं टाकायचा, बसायचं. माझ्या पेंड्या इतर म्हाताऱ्यांपेक्षा कमी होत होत्या. पण होत होत्या.

मध्येच धाकटी पेंड्या न्यायला आली आणि माझ्या पायाकडं बघून हसायला लागली. एक जळू पोटरीला चिकटून आपोआप गळून पडली होती.

“बघ गं अक्का, जळूबी चव घिऊन माघारी गेली. काय हाय तुझ्या रक्तात?”

“मीठ कमी हाय,” मी म्हटलं.

सगळा तरवा हसला.

मुलगा दुपारी आला. चांगली पॅन्ट घालून बांधावर उभा. तो कधी आला ते मला कळलं नाही, माझी पाठ होती. मी वाफा संपवला, उठले, पाट उचलला, वळले, तर तो समोर. त्याच्या तोंडाकडं बघून मला कळलं, की तो आत्ताच आला नव्हता.

मला सोडून तो कराराप्रमाणं काकीकडं गेला.

“काकी, खरं सांग. जमतंय हिला?”

धाकटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “ने की तिला. आजच ने. सकाळपासनं माझं डोकं खातीया. पेंडी सैल हाय, पेंडी लहान हाय, तुझी ओळ वाकडी हाय. ने! पर तिच्या जागेला कोण बसणार त्ये ठरवून जा. तू बसतोस?”

“मी कसा बसू?”

“मग बघतोस काय? उचल त्या पेंड्या!”

त्यानं पॅन्ट दुमडली आणि पहिल्याच पावलाला त्याची चप्पल चिखलानं गिळली. बायका ओरडून हसल्या. तो हात घालून चप्पल शोधत होता, आणि मी पुन्हा पाटावर बसले होते, कारण रोपं वाट बघत नाहीत.

माझं रक्त अजून तसंच आहे, हे मी लपवत नाही. एक दिवस मला पुन्हा मशीनवर जावं लागेल, कदाचित कायमचं. डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय. जाईन. पण पायऱ्या चढून, माझ्या पायानं जाईन.

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला. धाकटीनं त्याच्या ताटात कोंबडीचा रस्सा वाढला, माझ्या ताटात माझी ती बिनमिठाची भाजी. तो भात कालवत राहिला. मग मान खाली घालूनच म्हणाला, “पुढच्या तपासणीला हितनं सकाळच्या गाडीनं येतीस, का मी न्यायला येऊ?”

मी घास गिळला. मग म्हटलं, “गाडीनं येते. आणि संध्याकाळच्या गाडीनं माघारी.”

“आणि येताना माझी मिशेरी आण,” धाकटी चुलीपाशनं म्हणाली. “गेल्या खेपंसारखी विसरलीस, तर बघ.”